फ्रंटियरलँडमध्ये मॅक्वीनचं काय काम?

6 जुलै 2025 हा मॅजिक किंगडममधल्या ‘लिबर्टी बेल’ या वाफेच्या बोटीचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून ती बोट, ती जिच्यात फिरायची ती ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ नावाची नदी आणि नदीच्या मधोमध असलेलं टॉम सॉयरचं बेट, तिन्ही कायमची बंद झाली. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या या पार्कमध्ये, फ्रंटियरलँड या भागात, ही नदी 1971 पासून, म्हणजे पार्क उघडला तेव्हापासून होती. आता तिच्या जागी पिक्सरच्या ‘कार्स’ चित्रपटांचा मुलूख उभा राहतो आहे. डोंगराळ रानातून धावणाऱ्या गाड्यांची एक मोठी राइड, आणि अगदी लहान मुलांसाठी दुसरी एक.

ऑगस्ट 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला भरलेल्या मेळाव्यात डिस्नेने ही घोषणा केली. तेव्हापासून तिची बाजू घेणारे मला सतत भेटत आले आहेत. त्यात पार्क्सवर लिहिणारे आहेत, डिस्नेचे जुने चाहते आहेत आणि मुलांना घेऊन ऑर्लँडोला जाऊन आलेली आपली मराठी कुटुंबंही आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नदीवर कोणी जात नव्हतं, मुलांना ‘कार्स’चा नायक मॅक्वीन हवा आहे, रान आणि डोंगर म्हणजे फ्रंटियरच, आणि पार्क काही संग्रहालय नाही. मला यातलं एकही कारण पटत नाही. एकेक घेऊन का पटत नाही ते सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. या निर्णयाला विरोध केला की समोरचा लगेच धरून चालतो की तुम्हाला पार्कमध्ये चित्रपटच नको आहेत. तसं मुळीच नाही. डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये ‘अवतार’चा भाग बांधायचं 2011 मध्ये जाहीर झालं तेव्हा चहूकडून टीका झाली होती. निळ्या माणसांचा आणि प्राण्यांच्या पार्कचा संबंध काय, असं लोक विचारत होते. मे 2017 मध्ये तो भाग ‘पँडोरा’ या नावाने उघडला आणि ती टीका विरली. कारण त्याची आखणी करणाऱ्या जो रोडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्रपटाची गोष्ट पुन्हा सांगितलीच नाही. खाणकाम करणारी कंपनी निघून गेली आहे, रान पुन्हा वाढू लागलं आहे आणि आपण ते पाहायला आलेले पाहुणे आहोत, एवढंच त्यांनी मांडलं. निसर्गाचं मोल सांगणाऱ्या पार्कमध्ये निसर्गाचं मोल सांगणारी एक जागा आली. चित्रपट आणि जागा यांचं म्हणणं एक होतं, म्हणून ते जमलं.

आणि ‘कार्स’? डिस्नेच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या पार्कमधलं ‘कार्स लँड’ हे अलीकडच्या काळात डिस्नेने बांधलेल्या सर्वोत्तम जागांपैकी एक आहे, असं मी कुठेही म्हणेन. 15 जून 2012 ला ते उघडलं. सुमारे बारा एकरांची जागा, मागे गाड्यांच्या शेपट्यांसारखे सुळके असलेले लाल डोंगर, समोर चित्रपटातल्या रेडिएटर स्प्रिंग्ज गावाचा एकच रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना गॅरेज, हॉटेल आणि शंकूच्या आकाराच्या खोल्यांचं मोटेल. चौकातल्या पिवळ्या सिग्नलची दर तिसरी उघडझाप किंचित रेंगाळते असा चित्रपटात एक विनोद आहे. तिथला सिग्नलही तसाच रेंगाळतो. संध्याकाळ झाली की एका जुन्या गाण्यावर सगळ्या दुकानांच्या निऑन पाट्या एकेक करून उजळतात आणि रस्त्यावरची माणसं आपोआप थांबतात. ते सगळं खरं वाटतं, कारण ते संपूर्ण आहे. कमानीतून आत शिरलं की मागचा पार्क दिसत नाही. शिवाय ते कॅलिफोर्नियात आहे. ज्या रूट 66 या जुन्या महामार्गावरून पिक्सरची मंडळी मायकल वॉलिस या इतिहासकाराला घेऊन हिंडली, तो रस्ता त्याच राज्यात येऊन संपतो.

म्हणजे ‘कार्स’ला पार्कमध्ये जागा असावी का, हा वादच नाही. वाद आहे तो या जागेचा.

फ्रंटियरलँड आणि त्याला लागून असलेला लिबर्टी स्क्वेअर हे दोन भाग मुळात एकाच प्रवासाचे दोन तुकडे आहेत, हे बाजू घेणाऱ्यांपैकी फार थोडे लक्षात घेतात. हॉन्टेड मॅन्शनपासून चालायला सुरुवात करा. ते घर न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या हवेल्यांसारखं आहे. पुढे हॉल ऑफ प्रेसिडेंट्सच्या दर्शनी भागावर 1787 हा आकडा आहे, अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली ते वर्ष. तिथून पुढे विटांच्या इमारती मागे पडतात, लाकडी फळ्यांच्या सुरू होतात, डायमंड हॉर्सशूचा नाचगाण्यांचा हॉल लागतो, मग पश्चिमेच्या गावांसारखी लाकडी पडवी, आणि शेवटी बिग थंडर माउंटनचे नैर्ऋत्येकडचे वाळवंटी लाल कडे. दहा मिनिटांच्या चालण्यात तुम्ही एक खंड आणि जवळपास शंभर वर्षं ओलांडता. आणि या सगळ्या वाटेवर एका हाताला सतत पाणी असायचं. ते पाणी आधी हडसन वाटायचं, मग मिसिसिपी, मग पश्चिमेकडची एखादी नदी. माणसं अमेरिकेत आत आत शिरली ती नद्यांच्या काठाकाठाने, आणि ही गोष्ट पाटी न लावता कळायची.

या नदीला ‘वाया गेलेली जागा’ म्हणणाऱ्यांनी आपल्याकडचा एखादा जुना वाडा आठवून पाहावा. मधल्या चौकात काहीच नसतं. एक तुळस, थोडं ऊन, वर आभाळाचा चौकोन. पण तो चौक बुजवून तिथे दोन खोल्या काढल्या तर भोवतालच्या सगळ्या खोल्या अंधारतात. मॅजिक किंगडमच्या या बाजूला नदीचं काम तेच होतं. हॉन्टेड मॅन्शन टेकाडावर एकटं दिसायचं ते समोर पाणी होतं म्हणून. बिग थंडरचे कडे दूरचे वाटायचे ते मध्ये पाणी होतं म्हणून.

आता नदीवर कोणी जात नव्हतं या मुद्द्याकडे वळतो. बोटीत एका फेरीला शेकडो माणसं मावायची. ती पूर्ण भरायची का? बहुतेक वेळा नाही. बेटावर रांग असायची का? क्वचित. पण ज्या पार्कमध्ये आज मोठ्या राइड्सना लांब रांगा असतात आणि रांग टाळायची तर वेगळे पैसे मोजून मोबाइलवर वेळ राखून ठेवावी लागते, तिथे रांग नसलेली जागा ही उणीव मानायची की सोय? फ्लोरिडाच्या जुलैच्या उन्हात सकाळपासून चालून थकलेली आजी, झोपेला आलेलं दोन वर्षांचं मूल आणि दहा वर्षांचा भाऊ, अशा कुटुंबाला तिघांनाही चालेल अशी जागा त्या पार्कमध्ये फार थोडी होती. आपल्याकडून जाणारी कुटुंबं तर बहुधा तीन पिढ्यांची असतात. आजीआजोबांना रोलर कोस्टरमध्ये बसवता येत नाही. बोटीत बसवता यायचं.

त्या बोटीची एक गोष्ट इथे नोंदवून ठेवायलाच हवी, कारण आता ती कोणाला दाखवता येणार नाही. ती पाण्याखालच्या रुळाच्या आधाराने फिरायची, म्हणजे सुकाणू हा देखावाच होता. पण वाफ खरी होती. बॉयलरमध्ये तयार होणाऱ्या वाफेवर मागचं मोठं चाक फिरायचं, आणि खालच्या डेकवर मागच्या बाजूला उभं राहिलं की चाकाला ढकलणारे लांबलचक दांडे पुढेमागे होताना दिसायचे. तेलाचा आणि गरम लोखंडाचा वास यायचा. पाती पाण्यात शिरताना एक जड, ओला ठोका पडायचा आणि मग पाणी निथळायचं. यंत्र काम करताना पाहणं हे शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीपेक्षा किती वेगळं असतं, हे तिथे एखाद्या मुलाचा चेहरा पाहिला की कळायचं. 1973 मध्ये ही बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा तिचं नाव ‘रिचर्ड एफ. अर्व्हाइन’ होतं, डिस्नेच्या पार्क्सची आखणी करणाऱ्या विभागाच्या प्रमुखाचं. 1996 मध्ये ती ‘लिबर्टी बेल’ झाली. बावन्न वर्षं चाललेलं यंत्र होतं ते.

बेटाबद्दलही तेच. तिथे करायचं काही नव्हतं असं म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे की त्यांनी तिथे मुलांना सोडून पाहिलं होतं का. बेटावर तराफ्यानेच जाता यायचं. पिंपांवर तरंगणारा पूल होता, त्यावर चालताना पाय डुगडुगायचे. अंधाऱ्या गुहा होत्या, ज्यात मोठ्या माणसांना वाकावं लागायचं आणि मुलांना नाही. लाकडी किल्ला होता आणि त्यातून बाहेर निसटायचा भुयारी मार्ग होता. हार्परच्या पाणचक्कीत दातेरी चाकांच्या मध्ये एका पक्ष्याचं घरटं होतं. डिस्नेच्या 1937 च्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटाची ती आठवण. त्याकडे बोट दाखवणारी पाटी कुठेही नव्हती. ज्याला दिसलं त्याला दिसलं. बाकी सगळ्या पार्कमध्ये मुलाला खुर्चीत बसवून, पट्टा बांधून, ठरलेल्या वेळेत ठरलेलं दाखवलं जातं. इथे त्याला कोणी काही दाखवत नव्हतं. ते स्वतः धावायचं, चुकायचं, परत यायचं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही असं खुद्द वॉल्ट डिस्नेच म्हणायचा. बरोबर आहे, म्हणायचा. पण हे वाक्य ज्या सहजतेने प्रत्येक पाडकामाला चिकटवलं जातं ते मला मान्य नाही. बदल कसा करावा याचं उदाहरण फ्रंटियरलँडमध्येच आहे. अनाहाइमच्या डिस्नेलँडमधल्या फ्रंटियरलँडमध्ये पूर्वी खेचरांच्या पाठीवरून फेरी असायची, घोड्यांची बग्गी होती, मग 1960 पासून निसर्गाची आश्चर्यं दाखवत फिरणारी खाणीची संथ आगगाडी आली. ती 1977 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी 1979 मध्ये टोनी बॅक्स्टरने आखलेलं बिग थंडर माउंटन आलं. ते वेगवान होतं, गर्दी खेचणारं होतं, आणि तरीही तीच खाण, तीच आगगाडी, तेच वाळवंट होतं. जागेची गोष्ट पुढे गेली, मोडली नाही. अगदी त्याच कसोटीवर ‘कार्स’ लावून पाहा.

सर्वांत तयारीने मांडला जाणारा मुद्दा राष्ट्रीय उद्यानाचा आहे. नवा भाग ‘पिस्टन पीक नॅशनल पार्क’ या काल्पनिक उद्यानात घडतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडची शिखरं, गिझर, धबधबे, आणि उद्यानांमधल्या जुन्या लाकडी-दगडी विश्रामगृहांच्या धाटणीची बांधकामं. म्हणजे पश्चिमच आहे की, फ्रंटियरच आहे की, असं समर्थक म्हणतात. वरवर पाहता यात तथ्य दिसतं. मीही या मुद्द्यावर बराच विचार केला, कारण बाकीच्यांपेक्षा तो गंभीर आहे.

पण राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय? 1872 मध्ये यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते रान जसं आहे तसं राखण्यासाठी. तिथे मोटारींना प्रवेश मिळाला तो 1915 मध्ये. तोवर लोक घोडागाडीतून यायचे. ओल्ड फेथफुल गिझरजवळचं ते प्रसिद्ध लाकडी विश्रामगृह 1904 मध्ये उघडलं, मोटारी यायच्या अकरा वर्षं आधी. आणि आजही यलोस्टोनमध्ये रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे. गिझरांच्या परिसरात तर गाडीचं सोडाच, माणसालाही लाकडी पायवाटेवरून खाली पाऊल टाकू देत नाहीत, कारण जमिनीचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी. ज्या उद्यानांच्या नावाने ही राइड उभी राहते आहे त्या उद्यानांमध्ये जे करायला बंदी आहे, नेमकं तेच ही राइड मुलांना करायला सांगणार: रानातून, डोंगरातून, गिझरांच्या मधून गाड्यांची शर्यत. उद्यानाचं बांधकाम उचललं, झाडं उचलली, गिझर उचलला आणि उद्यान ज्यासाठी निर्माण झालं तो विचार तेवढा गाळला. याला जागेशी जुळवून घेणं म्हणत नाहीत.

त्यातही हे उद्यान ज्या चित्रपटातून घेतलं आहे तो समर्थकांनी पुन्हा एकदा पाहावा. पिस्टन पीक मुळात ‘कार्स’मधलं नाहीच. ते आहे 2014 च्या ‘प्लेन्स: फायर अँड रेस्क्यू’ मधलं, आणि तो पिक्सरचा चित्रपटही नाही, डिस्नेटून स्टुडिओजचा आहे. त्यात कॅड स्पिनर नावाचा उद्यानाचा अधीक्षक आहे. त्याला आपल्या भव्य लॉजच्या सोहळ्याची आणि येणाऱ्या पाहुण्यांची एवढी काळजी, की वणवा पसरत असताना तो पाणी लॉजकडे वळवतो आणि आग विझवणाऱ्या विमानांना पाणी कमी पडतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलालाही कळेल असा तो धडा आहे, की पाहुण्यांच्या गर्दीपायी रानाचं पाणी पळवू नये. त्या चित्रपटातून नेमकी जागा तेवढी घ्यायची आणि ती उभी करायला पन्नास वर्षांचं पाणी उपसायचं, हे करताना कोणालाच काही खटकलं नाही?

मूळ ‘कार्स’चंही तसंच. 2006 चा तो चित्रपट कशाबद्दल आहे? रेडिएटर स्प्रिंग्ज हे गाव ओसाड का पडलं? जुना रस्ता जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळणं घेत जायचा. मग सरळसोट महामार्ग आला, प्रवासाची काही मिनिटं वाचली, आणि गावातून कोणी जाईनासं झालं. मॅक्वीन येतो तो शर्यतीच्या धुंदीत, आणि शिकतो ते हळू चालायला, आजूबाजूला पाहायला. जॉन लॅसेटरने केलेल्या त्या चित्रपटाचा गाभाच हा आहे. मला तो चित्रपट मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्याच्या नावावर पार्कमधली सर्वांत संथ, सर्वांत रेंगाळणारी जागा काढून तिथे शर्यत भरवणं हा मला त्या चित्रपटावरचाही अन्याय वाटतो.

याहून मूलभूत अडचण एक आहे, आणि तिचं उत्तर मला अजून कोणाकडून मिळालेलं नाही. ‘कार्स’च्या जगात माणसं नाहीत. एकही नाही. गाड्याच नागरिक, गाड्याच प्रेक्षक, गाड्यांसाठीच खिडक्या आणि दारं. त्या जगाची सगळी गंमत त्यात आहे. फ्रंटियरलँड आणि लिबर्टी स्क्वेअर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसांबद्दल आहेत. राज्यघटना लिहिणारी माणसं, खाणीत उतरणारी माणसं, नदीतून माल नेणारी माणसं, घरातून पळून बेटावर जाणारा एक मुलगा. कॅलिफोर्नियात कमानीतून आत गेलं की माणसांचं जग मागे राहतं, म्हणून तिथे ते पटतं. इथे हॉल ऑफ प्रेसिडेंट्सच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, पाठीशी लिंकन आणि वॉशिंग्टन, आणि समोर डोळे मिचकावणाऱ्या गाड्यांचं राष्ट्रीय उद्यान. डिस्नेने सांगितलं आहे की मध्ये झाडांची रांग आणि डोंगर येतील, आवाज अडेल, काठावर शांतता राहील. म्हणजे जे नवीन बांधतो आहोत ते इथून दिसू-ऐकू येऊ नये यासाठी मेहनत घ्यावी लागणार, हे कंपनीलाच मान्य आहे. जे शेजाऱ्यापासून झाकावं लागतं ते या शेजाराला शोभतं, असं मग कुठल्या तोंडाने म्हणायचं?

एक आक्षेप मात्र मी मनापासून ऐकून घेतो. जुन्या फ्रंटियरलँडमध्ये अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं चित्रण गोऱ्या माणसांच्या सोयीचं होतं. बेटावरच्या एका गुहेच्या नावातच त्यांच्यासाठी वापरली जाणारी अपमानकारक संज्ञा होती. बोटीतून दिसणारी त्यांची वस्ती म्हणजे पाहुण्यांनी हात हलवून पुढे जायचा देखावा. पश्चिमेकडे सरकणारी ती फ्रंटियरची रेषा कोणाच्या तरी जमिनीवरून सरकत होती, हे तिथे कुठेच नव्हतं. हे बदलायला हवं होतं, आणि फार आधी बदलायला हवं होतं. यात माझा आणि टीकाकारांचा मतभेद नाही.

पण ‘कार्स’ने ते बदलतं का? यलोस्टोनमध्ये पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या शोशोनी लोकांना उद्यान झाल्यावर तिथून हलवण्यात आलं. म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचा इतिहासही त्याच प्रश्नात अडकलेला आहे. त्या प्रश्नाला सामोरं जायचं तर ती माणसं गोष्टीत आणावी लागतील, त्यांच्या बाजूने, त्यांना विचारून. त्याऐवजी अशी गोष्ट निवडली जिच्यात माणसंच नाहीत. चुकीचं सांगितलेलं दुरुस्त करणं वेगळं आणि सांगणंच बंद करणं वेगळं. नदी तीच ठेवून, बोट तीच ठेवून काठावरची गोष्ट नव्याने सांगता आली असती. नदीवर राहणाऱ्या, नदीवरून व्यापार करणाऱ्या मूळ रहिवाशांची, मिसिसिपीच्या बोटींवर राबलेल्या कृष्णवर्णीय कामगारांची. शेजारीच 2024 मध्ये टियानाची राइड आली आहे, लुइझियानाच्या दलदलीत घडणारी, कृष्णवर्णीय नायिकेची. तिला पाण्याची किती नैसर्गिक सोबत होती! ती सोबत आता तोडली गेली.

राहिला जागेचा प्रश्न. डिस्नेला फ्लोरिडात जमीन कमी नाही. सुमारे चाळीस चौरस मैलांचा मुलूख आहे तो. बिग थंडरच्या पलीकडे वाढायला जागा आहे हे कंपनी स्वतःच सांगत होती, आणि डिस्नेच्या चित्रपटांतल्या खलनायकांचा नवा भाग त्याच दिशेला होणार आहे. मे 2025 मध्ये प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे पार्क शेजारी उघडलं, दहा वर्षांत साठ अब्ज डॉलर पार्क्स आणि क्रूझवर घालायचं डिस्नेने 2023 मध्येच जाहीर केलं होतं, त्यामुळे काहीतरी मोठं करायची घाई समजू शकते. पण मोठं करायला नदीच हवी होती असं नाही.

आणि मुलांना मॅक्वीन हवा आहे असं म्हणणाऱ्या आईवडिलांना मी एवढंच सांगेन, की तुमचं बरोबर आहे, आणि तुमच्या मुलाकडून मॅक्वीन काढून घेतला तो नदीच्या चाहत्यांनी नव्हे. डिस्नेच्याच हॉलीवूड स्टुडिओजमध्ये 2019 पासून मॅक्वीनचा कार्यक्रम होता, मुलं समोर बसून त्याला पाहायची. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तो बंद केला गेला आणि तिथे खलनायकांचा कार्यक्रम आला. ‘टॉय स्टोरी लँड’ त्याच पार्कमध्ये आहे. चित्रपटांच्याच पार्कमध्ये, पिक्सरच्याच खेळण्यांच्या शेजारी ‘कार्स’चा एक पूर्ण, बंदिस्त, स्वतःचा मुलूख बांधला असता तर मी पहिला टाळ्या वाजवल्या असत्या. तिथे ते दोन भाग एकमेकांशी जुळले असते आणि इकडे नदीही राहिली असती.

फ्लोरिडातला निर्णय आता मागे फिरणारा नाही. पण अनाहाइमची नदी अजून आहे. 1955 ची, वॉल्ट डिस्नेच्या हयातीतली, त्याने जातीने लक्ष घालून उभारलेल्या बेटाची. तिचाही एक तुकडा ‘स्टार वॉर्स’च्या भागासाठी कापला गेला, 2016 मध्ये पाणी उपसलं आणि 2017 मध्ये ती आखूड होऊन परत आली. निदान परत आली, वाकलेल्या काठावर नवे धबधबे घेऊन, आणि मार्क ट्वेन बोट पुन्हा सुटली. म्हणजे नदी ठेवूनही नवं बांधता येतं हे याच कंपनीने करून दाखवलं आहे. तोक्योत आणि पॅरिसच्याही पार्कमध्ये नद्या आहेत. 2024 मध्ये अनाहाइमच्या नगर परिषदेने डिस्नेच्या विस्ताराच्या आराखड्याला मंजुरी दिली, तेव्हा तिथे पुढची काही वर्षं बांधकाम चालणार हे नक्की. कुठला तरी पुढचा लोकप्रिय चित्रपट त्या नदीच्या जागेसाठी सुचवला जाईल तेव्हा हीच कारणं पुन्हा पुढे येतील: कोणी जात नाही, मुलांना हे हवं आहे, वॉल्ट म्हणायचा. अनाहाइमला डिस्नेच्या मालकीची पार्किंगची विस्तीर्ण डांबरी मैदानं पडून आहेत आणि त्या आराखड्याचा मोठा भाग त्यांच्यावरच बांधण्याचा आहे. कुठलाही चित्रपट आधी तिथे न्यावा.